फक्त तुझं तेल

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू "बरं आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. माझी भावजय जाऊन तेरा महिने झाले आणि या तेरा महिन्यांत तुझ्या तोंडून या दोन शब्दांपलीकडे मी काही ऐकलेलं नाही. म्हणून आता पत्र. पत्रालाही तेवढंच उत्तर आलं तर ते तसंच दुसऱ्या पाकिटात घालून परत पाठवीन, हे आधीच सांगून ठेवते.

तुझ्या दवाखान्याशेजारचा चष्मेवाला सांगत होता की तू आठवड्यातून दोनदाच दार उघडतोस, जुन्या रोग्यांना जुनीच चूर्णं बांधून देतोस आणि नवीन माणूस आला की दुसरीकडे जा म्हणतोस. तेलाची शेगडी तर तिच्यामागे पेटलीच नाही म्हणे. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

आता माझं रडगाणं. केस गळतायत. त्रेपन्नाव्या वर्षी गळणारच, असं म्हणून मी वर्षभर गप्प होते. पण परवा आमच्या रुग्णालयाच्या कपडेखोलीत त्वचेच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा उसवला होता. मी मशीनवर वाकून टीप मारत होते आणि त्या माझ्या मागे उभ्या. खिसा शिवून हातात दिला तरी बाई हलेनात. म्हणाल्या, "तुमच्या डोक्यावर मधोमध काय झालंय ते तुम्ही पाहिलंय का?" आपल्याच डोक्याचा मध्य आपण कधी बघणार? त्यांनी या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी वर तपासायला बोलावलंय. चांगला चेहरा करून म्हणाल्या असत्या तर मी विसरून गेले असते. त्या चेहरा चांगला न करता म्हणाल्या.

तुला माहीतच आहे, लहानपणी मला कोणी हुशार म्हटलं नाही की देखणी म्हटलं नाही. केसांना मात्र सगळे चांगलं म्हणायचे. हसशील, पण माझ्याकडे स्वतःचं असं तेवढंच होतं.

तर वैद्यबुवा, सांगा. त्यांच्याकडे जाऊ, तुझं तेल लावू, की दोन्ही? भाऊ म्हणून गोड बोलू नकोस, वैद्य म्हणून सांग.

तुझी ताई

२० जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाचलं. चष्मेवाल्याशी अजून बोललेलो नाही.

बाबा घरच्यांना औषध देत नसत, आठवतंय ना? आपल्याला नुसता ताप आला तरी ते पुलापलीकडच्या वैद्यांकडे न्यायचे आणि बाहेरच्या बाकावर इतर रोग्यांसारखे नंबर लावून बसायचे. आपल्या माणसाला तपासताना वैद्याला रोग दिसत नाही, स्वतःची भीती दिसते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खरं तर मी तुला उत्तरच देऊ नये. तरी देतोय. तू काही नुसत्या "दुसरीकडे जा"ने ऐकणार नाहीस.

इतक्या लांबून तपासणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. तेव्हा मी विचारतो त्याची उत्तरं कोणाकडून तरी नीट बघून घेऊन लिही. गळलेला केस मुळासकट येतो की मधे तुटलेला? तिथे खाज, आग, दुखणं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, टक्कल पडलंय तिथली कातडी कशी आहे? साधी आहे, की ताणल्यासारखी चकचकीत? भिंगातून बघितल्यावर केसांची बारीक छिद्रं दिसतात का? छिद्रं असतील तर मला करण्यासारखं पुष्कळ आहे. नसतील तर तेही स्पष्ट लिही. माझी समजूत घालायला काही लिहू नकोस.

गुरुवारची तपासणी चुकवू नकोस.

पत्र बरंच लांबलं. बऱ्याच दिवसांनी काही लिहिलं.

तुझा धाकटा

३१ जानेवारी

प्रिय धाकट्या,

दीड पान! तुझं पत्र मी कपडेखोलीत सगळ्यांना दाखवलं, वाचायला नव्हे, नुसतं लांबून.

आमच्याकडे कापड बेतणारी एक बाई आहे, तिला आम्ही कात्रीबाई म्हणतो. धागा कुठे विरलाय ते बघायला तिच्याजवळ भिंग असतं. दुपारी खिडकीपाशी स्टुलावर बसले आणि तिला म्हटलं, चादर समजून बघ. तिने बघितलं आणि भिंग पुसून पुन्हा बघितलं.

तर ही उत्तरं. केस मुळासकट येतात. खाज नाही, पण संध्याकाळी आग होते, उन्हात फिरल्यासारखी. मधोमध शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा भाग आहे, तो चकचकीत आहे, छिद्रं नाहीत. कडेने लालसर. कानामागे दुसरा, लहान बटणाएवढा, आता सुरू झालाय.

डॉक्टरीणबाईंनी तपासायला कातडीचा एवढासा तुकडा काढून घेतला. अहवाल यायचाय.

भीती वाटतेय. तू समजूत घालू नकोस म्हणालास म्हणून लिहिलं.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू विचारलंस तसं वैद्य म्हणूनच लिहितो. छिद्रं बुजलेलं असं डोकं आलं की बाबा तेल देत नसत. इथे आता पेरायला जमीन राहिली नाही, असं म्हणायचे आणि चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. रोगी रागावून जायचा. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो, मलाही राग यायचा. एवढ्यात हात टेकायचे असतात का, असं वाटायचं.

तेव्हा डॉक्टरीणबाई सांगतील ते कर.

हे लिहून झाल्यावर मात्र मी उठलो आणि शेगडी पेटवली. तुझ्या भावजयीच्या हाताची कढई खाली काढली. पहिला दिवस नुसती ती घासण्यात गेला. मग माका वाटून त्याचा रस काढला, बाबांच्या मापाच्या दुप्पट, आणि तिळाच्या तेलात घातला. ब्राह्मी, आवळा, जटामांसी वाटून त्यांचा गोळा टाकला. मंद आचेवर तीन दिवस. पाण्याचा अंश राहिला की वात पेटवल्यावर तडतडते. ही तडतडली नाही. हे सगळं ती करायची, मी फक्त "झालं का" विचारायचो.

चार बाटल्या पाठवतोय. एक दिवसाआड रात्री, बोटांच्या टोकांनी, नखं न लावता. यातून काही होईल याची मला खात्री नाही, खोटं कशाला सांगू. पण ताई, ते तीन दिवस मी वेळेवर जेवलो. झोपलोही.

एकच सांगणं. तेल लावणार असशील आणि त्याबरोबर दुसरं काही घेणार असशील तर ते मला कळव. नाहीतर कशाने काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

तुझा धाकटा

४ मे

प्रिय धाकट्या,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावला असशील. आमच्याकडे नवीन वॉर्ड उघडला, दोनशे उशांचे अभ्रे आणि तेवढेच झगे शिवायचे होते, मान वर करायला फुरसत नव्हती.

तर ऐक. गळणं थांबलंय. कात्रीबाईने काल पुन्हा भिंग लावलं. मधला भाग तेवढाच आहे, वाढलेला नाही. कडेचा लालपणा गेला. कानामागचा लहान भाग होता तिथे चक्क बारीक लव दिसतेय. आग होत नाही. उशीवर केस दिसत नाहीत. मी इतक्या दिवसांनी आरशासमोर उभी राहून शांतपणे वेणी घातली. बारीक झालीय, पण वेणी आहे.

तू विचारलं होतंस ना, दुसरं काही घेतेस का. नाही. फक्त तुझं तेल.

जीव भांड्यात पडला बघ. आता तूही नीट खात जा.

तुझी ताई

१३ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. होय, बोलतो आता त्याच्याशी.

तुला कल्पना नाही तू काय लिहिलंयस. छिद्रं बुजलेल्या डोक्यावर गळणं थांबलं आणि कानामागे लव आली. बाबांनी अशी किती माणसं परत पाठवली असतील! ते चुकत होते, ताई. निदान या एका बाबतीत चुकत होते. रसाचं माप दुप्पट केलं तिथेच काहीतरी असणार. मी वही सुरू केलीय. त्यात पहिली नोंद तुझी.

सोमवारपासून दवाखाना सहाही दिवस उघडतोय. दाराला रंग दिला. आणखी तेल चढवलंय. कढईशी बसलो की ती शेजारी बसून मला चुका दाखवतेय असं वाटतं, पण आता त्याचा त्रास होत नाही.

तुझं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. थकवा आला की वाचतो.

तुझा धाकटा

२ जून

प्रिय धाकट्या,

दवाखाना रोज उघडतोस हे ऐकून मला रडू आलं. खरंच आलं, कात्रीबाईला विचार.

पण जरा सबुरीने घे. एका डोक्यावरून सगळ्या डोक्यांचं ठरवू नये. मला मानवलं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. बाबा माणसं परत पाठवायचे ते काही उगाच नसेल. आणि ते पत्र काचेखालून काढ रे, मला लाज वाटते. घरातलं पत्र ते.

बाकी ठीक.

तुझी ताई

१८ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझी लाजरी सूचना पोचली होती. पत्र काढलं नाही. तुला कौतुक सोसत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आज एका रोग्यासाठी लिहितोय. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. वय एकतीस. मेच्या शेवटी आल्या तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला. मधोमध चकचकीत भाग, छिद्रं नाहीत, कडा लाल. तुझंच डोकं समोर आल्यासारखं वाटलं. रुग्णालयात डोक्यात सुया देणं सुरू झालं होतं, दोन वेळा देऊन झाल्या होत्या. फार दुखतं म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची नजर काचेखाली गेली. वाचू का, म्हणून विचारलं. मी पत्र बाहेर काढून हातात दिलं. त्यांनी पर्समधून वही काढली आणि पत्रातल्या चार ओळी उतरवून घेतल्या, तारखेसकट. मग विचारलं, "मग सुया थांबवू का?" मी म्हणालो, माझ्या बहिणीने दुसरं काही घेतलं नव्हतं.

इतका काटेकोर रोगी मी पाहिलेला नाही. एक दिवस चुकवलेला नाही. वहीत प्रत्येक वेळेची खूण आहे. दर पंधरा दिवसांनी न चुकता येतात.

पण चौथा महिना लागला आणि मधला भाग वाढलाय. पुढे कपाळाकडे एक पट्टा गेलाय. मी धीर देतो की उतार पडण्याआधी कधी कधी असं होतं. तुझंही आधी वाढून मग थांबलं का? नेमकं कितव्या आठवड्यात? नीट आठवून लिही, त्या माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या असतात.

तुझा धाकटा

२३ सप्टेंबर

धाकट्या,

सकाळी तुझं पत्र हातात पडलं आणि मी लगेच फोन केला. मी सगळं सांगितलं, आणि तू "बरं आहे" म्हणून ठेवलास. नंतर उचलला नाहीस. म्हणून तेच आता लिहून पाठवते. लेखी असलेलं बरं. ग्रंथपालबाईंना दाखवायला लागेल.

तुझं तेल मी एकदाही लावलं नाही. चारही बाटल्या कपाटात आहेत, बुचं निघालेली नाहीत.

फेब्रुवारीत अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की हा रोग केसांची मुळं जाळत जातो आणि एकदा मूळ गेलं की तिथे पुन्हा केस येत नाही. जे गेलं ते गेलं, आता उरलेलं वाचवायचं, आणि त्यात प्रत्येक आठवडा मोजायचा. मी तुझ्या तेलाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत की नाक मुरडलं नाही. म्हणाल्या, तेल वाईट नाही, पण या रोगाला ते पोचत नाही, आणि आत्ता कातडी सुजलेली आहे तोवर काहीच लावू नका. मी ऐकलं. दर तीन आठवड्यांनी गुरुवारी डोक्यात सुया घेतल्या, गोळ्या घेतल्या. अजून घेतेय. त्याने थांबलं.

मग तुला खोटं का लिहिलं? तू लिहिलं होतंस की तीन दिवस वेळेवर जेवलास, झोपलास. तुझ्या बाटल्या इथे पोचल्या तेव्हा त्यांना अजून शेगडीच्या धुराचा वास होता. मी पत्र लिहायला बसले आणि "तुझं तेल नाही लावलं" हे लिहिता येईना. तीन वेळा सुरुवात केली. मला वाटलं, एवढ्याने माझा भाऊ उठून उभा राहत असेल तर कोणाचं काय जातंय? कोणाचं काय जातंय, असंच वाटलं मला. या जगात तू, मी आणि तेल एवढंच आहे असं धरून मी ते लिहिलं.

मेमध्ये तू दवाखाना उघडल्याचं लिहिलंस तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. म्हणून जूनमध्ये ते आडून आडून लिहिलं. सरळ लिहायला हवं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर त्या बाईंचे चार महिने वाचले असते. हे मला कळतंय, तू सांगायची गरज नाही.

तू आजच त्यांच्याकडे जा. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागव.

ताई

५ नोव्हेंबर

ताई,

सहा आठवडे मी तुला लिहिलं नाही, कारण मला तुझा राग आला होता. अजून आहे. तो इतक्यात जाईल असं वाटत नाही. हे लिहून टाकल्याशिवाय पुढचं लिहिता येईना.

फोन ठेवला आणि मी थेट वाचनालयात गेलो. दुपारची वेळ. त्या परत आलेली पुस्तकं गाडीवरून फडताळात लावत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी हातातलं पुस्तक जागेवर ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी गाडी रिकामी केली. मी तसाच उभा. मग त्या खिडकीपाशी गेल्या, रुमाल सोडला आणि माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "आता बघा."

ताई, मी चार महिने ते डोकं दर पंधरवड्याला पाहत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बाबांच्या हाताखालच्या कोणत्याही नवशिक्याला कळलं असतं. मध्यापासून कपाळापर्यंत चार बोटं रुंद पट्टा, गुळगुळीत. मी इतके दिवस डोकं बघत नव्हतो, तुझं पत्र बघत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो. बाहेर बाकावर बसलो. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, मी काय दिलं, किती दिवस दिलं ते विचारलं आणि लिहून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मधला पट्टा परत येणार नाही. मागचे आणि कानांवरचे केस वाचवायचा प्रयत्न करतायत. सुया पुन्हा सुरू झाल्या. मी प्रत्येक वेळी जातो. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही म्हटलं नाही.

परत येताना त्यांनी एकदाच विचारलं, "तुमच्या बहिणीला खोटं लिहायला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "मीच."

ते खरं आहे. मला काय ऐकायचं होतं ते मी तुला फेब्रुवारीतच लिहून कळवलं होतं, जेवणाखाणाच्या तपशिलासकट. तू फक्त तेच उत्तरात पाठवलंस. आणि मेमध्ये बाबा चुकले हे वाचून मला आनंद झाला होता. रोगी बरा झाल्याचा नव्हे, बाबा चुकल्याचा. याची मला तुझ्या खोटेपणापेक्षा जास्त लाज वाटते.

दवाखाना बंद केलेला नाही. करणार होतो. त्याच म्हणाल्या की दार लावून घेतलंत तर पुढच्या बाईला परत कोण पाठवणार. कोंड्याला, कोरड्या केसांना, बाळंतपणानंतर गळणाऱ्या केसांना मी तेल देतो, तिथे त्याचा उपयोग होतो हे मी पाहिलेलं आहे. बाकीच्यांना चिठ्ठी देतो. दोनजणी रागावून गेल्या.

त्यांना तुझ्याकडून एक हवंय. माफी नको म्हणाल्या, त्याचं मी काय करू, असंच म्हणाल्या. त्यांना तुझं एक पत्र हवंय. सुया घेतल्यावर तुझं काय काय झालं ते, आठवड्यांसकट. रुग्णालयात कोणी इतकं बसून सांगत नाही. पत्ता पाठीमागे लिहिलाय.

धाकटा

१४ नोव्हेंबर

ग्रंथपालबाईंना नमस्कार,

मी वैद्यांची बहीण. माझ्या हातचं एक पत्र तुम्ही वाचलेलं आहे. हे दुसरं. यातली प्रत्येक तारीख मी रुग्णालयाच्या कागदावरून बघून लिहितेय. शंका आली तर माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारा, त्यांची परवानगी घेतली आहे.

पहिल्या सुया तेरा फेब्रुवारीला. वीस ठिकाणी टोचलं. दुखतं, तुम्हाला मी काय सांगणार. कपाळाजवळ सगळ्यात जास्त दुखतं. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरायचे, आणि तिसऱ्या वेळेपासून कात्रीबाईचा हात धरायला लागले. तुम्हीही कोणाचा तरी धरा. पहिल्या सहा आठवड्यांत काही फरक पडला नाही. उलट त्या काळात केस जास्त गळले आणि मी एकदा उपचार सोडायला निघाले होते. गोळ्यांनी पोट बिघडायचं, त्या जेवणानंतर घेतल्यावर कमी झालं. आठव्या आठवड्यात आग थांबली. लालपणा दहाव्यात गेला. अकराव्यात गळणं थांबलं.

कानामागे लव आली हे खरं लिहिलं होतं. ती जागा तेव्हा जळायला नुकतीच लागली होती, म्हणून वाचली. मधला भाग तसाच आहे. तो तसाच राहणार. मी वेणी त्याच्यावरून वळवून घालते आणि वरून पिना लावते, तरी वाऱ्यात दिसतो. त्याची सवय झाली असं मी म्हणणार नाही. झालेली नाही.

माझं डोकं वाचलं कारण मी डॉक्टरांचं ऐकलं आणि कोणाला सांगितलं नाही. तुमचं गेलं कारण तुम्ही माझं ऐकलंत. तुमच्यासारखी बाई, जी वहीत तारीख घालून ओळी उतरवून घेते, तिने माझ्या ओळी उतरवून घेतल्या. मशीनवर बसले की रोज हे आठवतं. तुम्हाला माफी नको आहे, म्हणून मागत नाही.

वैद्यांनी सांगितलं की तुमच्या पाच वेळा सुया झाल्या आणि मागचे केस अजून हातात येतात. माझे पाचव्या वेळेपर्यंत थांबले होते. तुमचे थांबतील का, ते मला माहीत नाही.

वैद्यांची बहीण